पाठीला पाठ

पाच दिवसांचं प्रशिक्षण, मझुझूच्या नर्सिंग कॉलेजात,
त्याच लांब खोलीत
जिथे आम्ही कापडी बाळांना अंघोळ घालायला शिकलो होतो.
बाहुल्या अजून कपाटावर आहेत,
एकीचा पाय निखळलेला.

इंगुन बर्गेनहून आलेली.
म्हणाली, आधी प्रश्न नीट बांधा.
आम्ही म्हटलं, बांधायचा काय,
तो तर रोज रात्री वॉर्डात रडतो:
नाळेला काय लावावं?
तिने विचारलं, कुणाच्या नाळेला? घरी जन्मलेल्या की दवाखान्यात?
कशाच्या तुलनेत? आणि बरं झालं हे कितव्या दिवशी म्हणायचं?
दुपारपर्यंत प्रश्न इतका अरुंद झाला
की त्यातून एकच बाळ कसंबसं बाहेर आलं असतं.
वेझी चिराम्बो हसला. मी नाही. मी सुईण आहे.

शोधात निघाले चार हजार एकशे बारा निबंध.
वीज गेली, वीज आली,
निबंध तेवढेच.
मी म्हटलं, अर्धे वेझी वाचेल, अर्धे मी.
इंगुन म्हणाली, सगळे दोघांनी,
आणि एकमेकांना न विचारता.
मग आम्ही पाठीला पाठ लावून बसलो,
रुसलेल्या नवरा-बायकोसारखे.

आई अंगणात मका पाखडायची.
कोंडा कोंबड्यांचा, त्याचा हिशेब कोण ठेवतो?
इथे मात्र उडालेल्या प्रत्येक फोलपटापुढे
एक ओळ लिहायची: का उडालं.
फोनवर आईला सांगितलं.
ती म्हणाली, मग जेवता कधी?

सत्तावीस निबंधांना कुलूप होतं.
एकेक दार उघडायला माझा आठवड्याचा पगार.
इंगुनने रात्री तिच्या ग्रंथपालाला कळवलं,
सकाळी सगळे हजर.
आभार मानता मानता थांबले:
त्यातला एक निबंध आमच्याच वॉर्डातला.
बाळं आमची, वह्या आमच्या, शाई आमची,
किल्ली तेवढी बर्गेनला.

आणि लेखक डॉक्टर म्हांगो,
ज्यांनी मला कात्री धरायला शिकवलं.

निबंधात लिहिलं होतं: बंद पाकिटं, चिठ्ठ्या टाकून.
खरं आहे. पाकिटं बंदच होती.
फक्त पातळ होती.
मी एकोणीस वर्षांची. रात्रपाळीला
बाळ फार बारीक दिसलं की
मी पाकीट खिडकीच्या उजेडात धरायचे,
आत 'औषध' दिसलं तर ते,
नाहीतर त्याच्या खालचं.
दया म्हणायचे मी त्याला.
वीस वर्षांनी त्याच दयेसाठी
तक्त्यात एक रकाना तयार होता.

जेवायच्या सुट्टीत वेझीला सांगितलं.
तो बराच वेळ मीठच शोधत राहिला.
इंगुन म्हणाली, या निबंधाला तू हात लावू नकोस,
पण लेखकांना विचारायला हवं.
म्हणजे मीच विचारायला हवं.

म्हांगो आता करोंग्याला, सरोवराकाठी, कानाने कमी ऐकतात.
दोनदा ओरडून सांगावं लागलं,
शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.
पलीकडे शांतता, मग खोकला.
"मला वाटलंच होतं," ते म्हणाले,
"आकडे फारच प्रेमळ होते. लिहा."

वेझीने लाल गोल काढला.
मी दुसरीकडे बघत होते,
निखळलेल्या पायाच्या बाहुलीकडे.

दीड वर्षाने सगळे अभ्यास एका चित्रात आले,
मध्ये उभी रेघ, दोन्हीकडे आडव्या काड्या,
आणि तळाशी चौकट, टोकावर उभी,
रेघेला जेमतेम चिकटलेली.
म्हणजे: अजून सांगता येत नाही.
एवढ्यासाठी? आईने विचारलं.
हो, एवढ्यासाठी.
आधी आम्हाला हेही माहीत नव्हतं.

यंदा रुम्फीला मीच शिकवते. इंगुन पडद्यावर असते,
आवाज अडकतो, तिची भुवई तेवढी दिसते.
पहिल्या दिवशी मी काहीच सांगत नाही.
एक बंद पाकीट फिरवते वर्गात.
मुली उलटंसुलटं करून बघतात.
आणि दर वेळी, कुणीतरी एक,
न सांगता,
खिडकीकडे जाते.